औषध ढवळणारा हात

माझा धाकटा दीर धर्मा याची एक खोड पहिल्यापासून माझ्या डोक्यात जाते. बायको कण्हायला लागली की हा रेडिओचा आवाज वाढवतो. उठून तिला काय होतंय ते विचारत नाही, दार लोटून बाहेरही जात नाही. तिथेच बसून कान पिळतो, रेडिओचा. वर आल्यागेल्याला सांगतो, हिचा सूर लागला. मी लग्न होऊन लालबागला आले तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता. त्याचं नाक मी पुसलंय, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे. अधिकार नसता तरी बोलले असते, ती गोष्ट वेगळी.

गेल्या कार्तिकात तो चंपाला, म्हणजे या कण्हणाऱ्या बायकोला, गावी न्यायला आला. त्या दिवशी काय झालं ते मला सांगायचंय. पण चंपा मुळात माझ्याकडे का होती ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही रखमाबाई दुसऱ्याची बायको अडवून का बसली.

धर्मा परळच्या एका मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. संप झाला, लांबला, आणि लांबतच राहिला. माझी खानावळ होती, अजून आहे. जेवणारे मेंबर एकेक करून ट्रंका उचलून गावाला गेले. धर्माही गेला. बाकीचे बाप्ये गावी जाऊन देवळाच्या पायरीवर बसले आणि मिल सुरू व्हायची वाट बघत म्हातारे झाले. धर्मा तसा नाही. कामाला वाघ आहे, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणेन. आमची वाडी देवगडच्या अलीकडे. तिथल्या बऱ्याच लोकांच्या आंब्याच्या बागा, आणि मालक मुंबईत. धर्माने त्या सांभाळायला घेतल्या. फवारणीचा पायपंप आणला. पंप घरात आला आणि गेलेला साचाच परत मिळाल्यासारखा माणूस खूश झाला.

तो त्या पंपाला तेल काय घालायचा, फडक्याने पुसायचा काय. रात्री पोत्यात गुंडाळून पडवीत ठेवायचा. दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. मिलमध्ये साच्याची पूजा करायचे ना, तस्सं. आणि मिलमधलाच दुसरा कायदाही याने गावात नेला. साच्याला बाईचा हात लागायचा नाही, बायकांनी वाइंडिंग खात्यात बसून सूत गुंडाळायचं. गावी पंपालाही चंपाचा हात लागायचा नाही. मशीन बापयाचं. हाताखालचं काम बाईचं. मिल बुडाली, पण तिचं एक खातं आमच्या पडवीत चालूच राहिलं.

आता चंपा. माझी धाकटी जाऊ. एके वर्षी गणपतीला गावी गेले तर ही सकाळी चहाचा कप दोन्ही मनगटांत धरून पिते आहे. म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणे, बोटं मिटत नाहीत, ऊन वर आलं की मिटतात. बोटं बघितली. वेलची केळ्यांची फणी बरी. बांगड्या चढत नाहीत म्हणून एकेक काचेची घालून बसलेली. गुडघे तसेच. सकाळी अंथरुणातून उठायचं तर आधी कुशीवर व्हायचं, मग भिंत धरायची, मग देवाचं नाव घ्यायचं.

देवाचंही करून झालं होतं म्हणा. गावकऱ्यांनी देवळात कौल लावला. देव म्हणाला, बाहेरची बाधा. देवाचं बरं असतं, मोघम बोललं तरी खपतं. मग राखणदाराला कोंबडा दिला. कोंबडा गेला, सूज होती तिथेच. तो कोंबडा कोणाच्या पोटात गेला हे मला विचारू नका, दोन्ही तंगड्या धर्माच्या पानात मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. तिठ्यावरचा डॉक्टर सुई टोचायचा. सुई टोचली की चंपा आठवडाभर लग्नातल्या करवलीसारखी फिरायची, मग पुन्हा भिंत.

पुढच्या मे महिन्यात मी गावी असताना एका सकाळी तिच्या हातून पेजेचं भांडं सुटलं, गरम पेज पायावर. धर्माने आतून रेडिओचा आवाज वाढवला. मी तिथेच सांगितलं, हिला मी मुंबईला नेते. तो म्हणाला, न्या, पण मोहराच्या आधी धाडा. जणू मी धान्य मोजायची पायली उसनी मागायला आले होते.

परळला इस्पितळं किती आहेत ते सांगायला नको. मिल गेल्यावर माझ्याकडे जेवायला कोण येतं, तर पेशंटचे नातेवाईक. त्यामुळे कुठला विभाग कुठल्या वारी आणि रांग कुठून धरायची हे मला पाठ. चंपाला घेऊन गेले. डॉक्टरीण होती सुमती म्हणून, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, दोन घास जास्त खायला हवेत अशी. पण हात गोड. चंपाच्या बोटाचं एकेक पेर दाबून बघितलं, रक्त तपासायला पाठवलं, हाडांचे फोटो काढवले, आणि पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. म्हणाली, हा साधा वयाचा वात नाही. आपल्या अंगात पहारेकरी असतात, बाहेरून रोग आला तर त्याला मारायला. हिचे पहारेकरी फिरलेत, ते घरच्याच माणसांना बडवताहेत, सांधे त्यात सुजतात. मी म्हटलं, कळलं बाई, आमच्या सासरीही हीच पद्धत होती. ती हसली. चंपा हसली नाही, तिला वाटलं हिच्यासमोर घरचं कशाला काढलं.

मग प्रश्न. घरात कोणाला असं होतं का, पाळी कधी गेली, तंबाखू खाता का. चंपा मिश्री लावते. डॉक्टरणीने ती बंद करायला सांगितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्हीसुद्धा. मी काय पेशंट होते? पण दातांवरून कळलं असणार. शेवटी विचारलं, शेतात औषधं फवारता का?

चंपा म्हणाली, "नाय. ता बापयांचा काम."

डॉक्टरणीने लिहून घेतलं. मीही मान डोलावली, कारण आमच्याकडे ते तसंच आहे.

औषध मिळालं ते मोठं विचित्र. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल असं डॉक्टरणीने परत परत सांगितलं. चंपाला कुठला वार आहे ते कधी आठवत नाही. मी म्हटलं, सोपं आहे, ज्या दिवशी माझ्या खानावळीत मासा नाही त्या दिवशी गोळी. सोमवार ठरला. तेव्हापासून सोमवारी सकाळी चंपा ओट्याकडे बघते, तिथे भोपळा चिरलेला दिसला की मुकाट गोळी काढते.

गोळी लगेच लागू पडत नाही. दोन-तीन महिने मीही मनातून डॉक्टरणीला शिव्या दिल्या. मग एका सकाळी चंपाने स्वतःची वेणी स्वतः घातली. वाकडी घातली, पण घातली. तिला तेवढ्यावर गप्प बसवेना. कामाची सवय. भाजी निवड, लसूण सोल, एकेक मागून घ्यायला लागली.

एका रविवारी सोलकढी करायची होती. मोठं पातेलं, नारळाचं दूध काढून ठेवलेलं, त्यात कोकमाचं आगळ घातलं. मी चंपाला म्हटलं, डावली घे आणि जरा ढवळ. ती पातेल्याशी गेली. बांगडी वर सारली. तोंड भिंतीकडे वळवलं, ओठ घट्ट मिटले, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटं तळाशी चाचपत फिरवायला लागली. मधेच काहीतरी सापडल्यासारखी चिमटीत चुरडायची. सोलकढीत चुरडायचं काय असतं?

मी विचारलं, "चंपे, माझ्या सोलकढीक घाण येता काय गो? तोंड कित्या फिरवलंस?"

तिने हात बाहेर काढला आणि स्वतःच लाजून हसली. म्हणाली, सवय. औषध असंच ढवळायचं असतं.

कुठलं औषध, तर आंब्याचं. मग मी तिला पाटावर बसवलं आणि एकेक काढून घेतलं. मोहर आला की तुडतुडे पडतात. धर्मा तोंडाला फडका बांधून, बांबूला नोझल लावून झाडावर चढतो. गडी खाली पंपावर पाय मारतो. आणि झाडाखाली ड्रम. त्या ड्रमात विहिरीचं पाणी आणून ओतायचं चंपाने, त्यात पावडर टाकायची चंपाने, बाटलीतलं औषध ओतायचं चंपाने. पावडरीच्या गुठळ्या होतात. गुठळी नळीत गेली की नोझल चोंदतं. नोझल चोंदलं की धर्मा झाडावरून असा ओरडतो की पलीकडच्या वाडीतल्या म्हशी आटतील. काठीने गुठळ्या फुटत नाहीत, काठीला त्या कळतही नाहीत. बोटांना कळतात. म्हणून हात. वास डोळ्यांना झोंबतो म्हणून तोंड फिरवायचं. वरून झाडाचं सगळं ठिबकतं ते हिच्या डोक्यावर. दुपारी तिथेच भाकरी. संध्याकाळी धर्माचे कपडे हिनेच घासायचे. संपानंतर धर्माने पंप घेतला तेव्हापासून दर मोहराला हे असं.

मी म्हटलं, अगं मग डॉक्टरणीला हे का नाही सांगितलंस?

चंपा मला खुळी समजल्यासारखी बघत म्हणाली, "ती फवारणी विचारी होती. मी खंय फवारतंय? मी ढवळतंय."

मी तिचा हात ओढून नळाखाली धरला. सोलकढी मात्र फेकली नाही, जेवणारी माणसं दारात होती.

पुढच्या वारी डॉक्टरणीला सगळं सांगितलं. तिने पेन ठेवलं, मग पुन्हा उचललं, आणि पहिल्यापासून सगळं नव्याने विचारलं. औषधाची नावं काय, हातमोजे असायचे का, हात कशाने धुवायचीस, अंगावर पुरळ यायचं का, गावात आणखी बायकांचे सांधे असे आहेत का. चंपाने दोन नावं सांगितली, दोघी ढवळणाऱ्याच. मला वाटलं, झालं, आता ही ठणकावून सांगेल की यानेच झालं. तर नाही. म्हणाली, "रखमाबाई, औषधामुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. हे रक्तातूनही येतं, मिश्रीचाही हात असेल. शेतातल्या बायकांबद्दल असा संशय आहे, जगात लोक शोधताहेत, पक्कं अजून कोणाला माहीत नाही. पण झालं कशानेही असो, हे हात मला त्या ड्रमात पुन्हा गेलेले चालणार नाहीत. औषध अंगात जाऊन इतर दहा गोष्टी बिघडतात, ते तर पक्कं आहे. आणि तिच्या गोळ्या सुरू आहेत, दर महिन्याला रक्त तपासायला हवं."

घरी येताना आधी मला राग आला. एवढं शिकून एक धड उत्तर नाही. मग दत्ताराम लाड मार्गावर आल्यावर वाटलं, देवळातल्या देवापेक्षा ही बरी. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली, आणि कोंबडा मागितला नाही.

तर असा तो कार्तिक, आणि धर्मा आला. नारळ, आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ, सगळं घेऊन. घरात शिरल्या शिरल्या सांगितलं की उद्याच्या रातराणीची दोन तिकिटं काढली आहेत. चंपाची वेणी बघितली, चालणं बघितलं, म्हणाला, ही तर टुणटुणीत झाली. मी त्याला आधी जेवायला घातलं. उपाशी माणसाला अक्कल सांगू नये, ती पोटात जात नाही. सरंगा होता, तो त्याने काट्यापर्यंत चाटला. मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते, जसं म्हणाली तसंच, तिचं ‘माहीत नाही’ तेही.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हे मान्य करायला हवं. मग हात धुऊन म्हणाला, "वयनी, पंप मी मारतंय. झाडार मी चढतंय. माका काय्येक झाला नाय. मगे हिका खाली उभी रवान कसा होयत?"

आमचे हे गॅलरीत पेपर वाचत होते. धर्माचे थोरले भाऊ. आयुष्यात एकदाच बोलायचं तर तेव्हाच बोलायची काय गरज होती, पण बोलले. म्हणाले, त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मी म्हटलं, तुम्ही पान उलटा.

धर्माला मी सांगितलं, बाबा, तू वाऱ्याच्या बाजूला, ही ठिबकणाऱ्या बाजूला. तुझ्या तोंडाला फडका, तिच्या हाताला काही नाही. तू खाली उतरलास की तुला कढत पाणी आणि साबण तयार, ते कोण तापवतं? तीच, त्याच हातांनी. आणि तुझ्या कपड्यातलं उरलंसुरलं तिच्याच बोटांत. तुला नाही झालं म्हणून तिला होणार नाही, असं असतं तर या घरात मला बाळंतपणं झालीच नसती.

यावर तो विचारात पडला असं मला वाटलं. पण तो विचार करत होता भलताच. म्हणाला, यंदा मोहराआधीच्या पहिल्या फवारणीला शेजारच्या मालनला ढवळायला बोलावली. नोझल तीनदा चोंदलं. दिवस फुकट. "वयनी, खोटा सांगणंय नाय, चंपाच्या हाताक तोड नाय. एक गुठळी सुटूची नाय."

एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून बायकोची स्तुती मी पहिल्यांदा ऐकली. आणि चंपाकडे बघितलं तर ती ओट्याशी बसून लाल झालेली. कानापर्यंत. मान खाली घालून हसत होती, वेडी. माझं जे काळीज जळलं ते तिथे. धर्माच्या हट्टाने नाही जळलं एवढं. तिला ते कौतुक गोड लागलं, त्याने जळलं.

ती उठली आणि कोपऱ्यातली पिशवी काढून लुगडी भरायला लागली. गोळ्यांची पाकिटं, रक्ताचे कागद, सगळं नीट खाली ठेवलं. मी अडवलं नाही. तिचं घर आहे, तिचा नवरा आहे, मी तिला दाव्याला बांधून ठेवलेली नव्हती. पण मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, हा काय म्हणतो ते ऐकलं, मी काय म्हणते तेही ऐकलंस. आता तू सांग. तुला काय हवंय?

तिने लुगड्याची घडी मांडीवर ठेवली. तिला असं आजवर कोणी विचारलेलं नसावं. मग माझ्याकडे न बघता, नवऱ्याकडे बघून म्हणाली, "माका माझा घर व्हया. मी येतंय. गोळ्यो मी घेयन, दर म्हयन्याक रक्त तपासूक तालुक्याक जायन. पण ड्रमात मी हात घालूचंय नाय."

मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला मी पुरून उरते. पण धर्मा ओरडला नाही. त्याने खरोखरच, काही वाईट मनात न आणता, न कळून विचारलं, "मगे थंय येवन तू करतलंस काय?"

गॅलरीत आमच्या ह्यांनी पेपर खाली केला. चंपाने मांडीवरची घडी उलगडली, पुन्हा घातली, आणि पिशवीत ठेवली नाही. तिथेच, पिशवीच्या बाजूला जमिनीवर ठेवून दिली. तिच्या तोंडावरचं ते लाजणं पुसून गेलं होतं. रडली नाही. पाय दुमडून बसायला तिला त्रास होतो, तरी तशीच बसून राहिली, नवऱ्याकडे बघत. याला पहिल्यांदाच बघतेय असं वाटत होतं.

धर्माने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलावं असंच त्याला वाटत असणार, कारण आपण काय बोलून बसलो ते त्याला हळूहळू उमगत होतं. मी हात पुसले, त्याच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं:

"धर्मा, तिने तुझ्याकडे घर मागितलं, तू तिला काम विचारलंस. संपात तुला मिलने असंच विचारलं होतं ना रे, साचा नाही तर तुझा उपयोग काय? तेव्हा तू याच खोलीत भिंतीला डोकं टेकून रडलायस, आणि तुला जेवायला वाढताना आम्ही कोणी तसं विचारलं नाही. नोझल चोंदू नये म्हणून तू बायको बंद पाडलीस, आणि आता ती दुरुस्त झाली का बघायला आलायस. ती येणार नाही. हे मी ठरवलेलं नाही, तुझ्या तोंडाने ठरलं. उद्या एकटा जा. मोहर सांभाळ, पंप सांभाळ, गुठळ्या मोडायच्या तर रबरी मोजे घालून तुझ्या हातांनी मोड. आणि बाई घरात नुसती बसली तरी ती घराची असते, एवढं कळलं की ये, तिला विचार, आली तर ने. नाही आली तर माझ्या नावाने बोंब मारू नकोस, स्वतःच्या नावाने मार."